आठ भोकांची पेटी

वायरीच्या कामात पुंजाजी मिस्तरीले कोणी शिकवू नाही! उंद्रीतल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी माह्याच हातानं बसल्या. त्याच्यानं पोरगी मंजुश्री जवा म्हणाली, "बाबा, वरच्या खोलीत वायफाय येत नाही, अन मंगळवारी अकराले माही ऑनलाइन मुलाखत हाय," तवा म्या छाती ठोकली. "घरभर वायरच टाकतो! तू अभ्यास कर."

मुलाखत पुण्याच्या कंपनीची, तिथलं नेटवर्क सांभाळाच्या कामाची. दोन वर्षं पोरगी त्याच्यासाठी घासून राह्यली होती.

राऊटरचं नेट साऱ्या वायरींत वाटाले स्विच नावाची पेटी लागते. चिखलीच्या दुकानदारानं विचारलं, "किती वायरी?"

"सहा."

"मंग आठ पोर्टची घ्या." त्यानं प्लास्टिकची काढली.

म्या तळहातावर तोलली. "हलकी हाय भाऊ! लोखंडी दाखवा."

बैल घेताना दात मोजतो, तशी म्या भोकं मोजली. बरोब्बर आठ! दुकानदारानं खुशीत हातभर वायर फुकट देली, दोन्ही टोकं बसवलेली.

सोमवारी राऊटरची, टीव्हीची, दोन कॅमेऱ्यांच्या अन दोन खोल्यांच्या, अशा सहा वायरी जोडल्या. वरच्या खोलीत नेट असं धावलं, का पोरगी टाळ्या वाजवाले लागली!

मंगळवारी साडेदहाले शेजारच्या कारभारीले पेटी दाखवाले बोलावलं. तो म्हणतो, "सारं झकास हाय भाऊ, पण दोन भोकं रिकामीच?"

लागलं ना मनाले! आमच्या घरून शेजाऱ्याची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही, अन पेटी रिकामी? भोकं दोन, फुकटच्या वायरीची टोकंही दोन! एक टोक सातव्यात घातलं, दुसरं आठव्यात. काय ते दिवे लुकलुकले! लग्नाच्या मांडवासारखे!

"पाय बे, कशी जोरात चालून राह्यली!" म्या म्हतलं.

तितल्यात वरून आवाज, "बाबाऽऽ! नेट गेलं!"

पावणेअकरा! म्या टीव्हीची वायर उपटली. नाही आलं. कॅमेऱ्याच्या दोन्ही उपटल्या. नाही आलं. कारभारीनं पेटीले दोन थापडा मारल्या. खालचं वायफायही बंद, मोबाईलले रेंज नाही. मंजुश्री जिन्यात रडकुंडीले आलेली.

शेजारची वाटी द्याले निघालेली आमची घरवाली कलाबाई दारातच थांबली. वाटीत शेंगदाण्याची चटणी.

"अहो, सकाळी तं चांगलं होतं. मंग काय घातलं तुमी?"

"काहीच नाही! ते आपली रिकामी भोकं..."

"भाजी बिघडली तं शेवटी काय टाकलं ते पाहा लागते!" तिनं ती हातभर वायर खसकन ओढली. नेट हजर! अकराले तीन मिनिटं कमी.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "नेटवर्कमधला एखादा बिघाड सांगा." पोरगी म्हणे, "सर, आत्ताच झाला! एकाच पेटीत वायरीची दोन्ही टोकं घातली. तोच तो निरोप गोल गोल फिरला, दुसऱ्याले जागाच राह्यली नाही."

साहेब पोट धरून हासले, अन नोकरी लागली! गावात मी सांगतो, माह्यामुळंच लागली.

काल तिले फोन केला, "मंजू, तुमचं ऑफिस पाहाले कवा येऊ?"

"या ना बाबा! साहेबांनीही बोलावलं हाय," ती म्हणाली. "पण कॅन्टीनपर्यंतच!"