सुभद्राबाई उठेनात

“गुडघ्याचा ‘ग’सुद्धा काढायचा नाही,” रहाटणीहून निघतानाच सुभद्राबाईंनी नवऱ्याला बजावलं. “सासू दुखणेकरी म्हटल्यावर प्रज्वलला पोरगी कोण देईल?”

दौलतरावांनी चपला घातल्या. चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं पॅकिंगला उभ्या राहिलेल्या बाईचे गुडघे. आधी फक्त जिना चढताना दुखायचे, मग सकाळी उठल्यावर आखडायला लागले, आता दुमडले की कटकट वाजायचे. “हाडांमधली गादी झिजलीय,” डॉक्टर एक्स-रे दाखवत म्हणाले होते. “वजन उतरवा. आणि मांडी घालून बसणं बंद.”

सांगवीत, जिला पाहायला आले होते त्या दिव्याच्या घरी, सोफ्यावर पुरुष बसले. मुलीची आई, जाईबाई, खाली सतरंजीवर टेकल्या. “या ताई, आपण इथं ऐसपैस बसू.”

सुभद्राबाईंनी दात आवळून मांडी घातली.

पोहे झाले. प्रज्वल आणि दिव्या नोकरीबद्दल बोलू लागले. तासाभरानं दौलतराव म्हणाले, “निघायचं का?”

सुभद्राबाईंनी उजवा पाय हलवून पाहिला. हलेना. पाठीवरून घामाचा ओघळ उतरला.

“एवढी काय घाई? ताई, पोह्यांत लिंबू कधी पिळता हो?”

जाईबाईंनी लिंबापासून सुरू करून लोणच्यापर्यंत सगळं सांगितलं. मग माहेरं निघाली. दुसरा चहा झाला, तिसरा झाला. जाईबाईही जागच्या हलल्या नाहीत. “तूच आण गं दिव्या, मला बोलू दे.” कंटाळून दौलतराव आणि मुलीचे वडील अण्णासाहेब गॅलरीत गेले.

शेवटी प्रज्वल उभा राहिला. “आई, चल.”

“तुम्ही उठा आधी,” सुभद्राबाई जाईबाईंना म्हणाल्या.

“छे, पाहुण्यांनी आधी.”

दोघींनी जमिनीला हात टेकले, अर्धवट उठल्या, एकदमच “आई गं!” म्हणाल्या आणि धप्पकन बसल्या.

“कुठला?” सुभद्राबाईंनी हळूच विचारलं.

“डावा. तीन वर्षं झाली. म्हटलं, तुम्हाला कळलं तर वाटेल, पोरगी सारखी आईचं करायला माहेरी पळेल.”

प्रज्वलनं जाईबाईंना उठवलं, दिव्यानं सुभद्राबाईंना. तेवढ्यात अण्णासाहेब पेढे घेऊन आत आले.

“तोंड गोड करा वहिनी! पोरांची पसंती दिसतच होती. तुम्हीही दोन तास उठायचं नाव घेईनात, तेव्हाच आम्ही ओळखलं. बारा मे धरलीय. हॉलवाल्याला फोनही केला.”

सुभद्राबाईंनी दुखण्याच्या नादात मुलीकडे धड पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं. त्यांचा सगळा भार दंडावर पेलून दिव्या मुकाट उभी होती.

“पसंत आहे,” त्या म्हणाल्या आणि पेढा घेतला.