ताईला हलवलं तर

ताईचा डावा कान टोकापासून दोन सेंटिमीटरवर दुमडलेला होता. अंदाजे नव्हे, ती झोपली असताना मी पट्टी लावून मोजलं होतं! आमच्या सोसायटीतल्या वीस भटक्या कुत्र्यांत ती थोरली, म्हणून मी तिला ताई म्हणायचे.

ही २००४ मधली, गुडगावातली गोष्ट. कुत्रे गाडीत घालून अरवलीत सोडायचे का, हा निर्णय सेक्रेटरी चौधरीसाहेब तीन मीटिंगा पुढे ढकलत होते. मी प्राणिशास्त्र शिकलेली. म्हटलं, भांडायचं कशाला? नेटवर्क अॅनालिसिस करू! प्रत्येक कुत्रं एक ठिपका. कोण कुणाजवळ बसतं, त्याची रेघ. तीन महिने बाल्कनीतून नोंदी केल्या. सगळ्यांत जास्त रेघा ताईच्या. तिला हलवलं तर बाकीचे एकमेकांच्या नरड्याला लागणार, हे कागदावर सिद्ध!

"दोनच पानं आहेत. दगडालाही पटेल," मी नवऱ्याला सांगितलं.

"चौधरी मराठी वाचणार आहे का? दे, हिंदीत करून बोर्डावर लावतो," अंशुमन म्हणाला.

लावलं. फक्त दुसरं पान! 'कुत्ते' हा शब्द असलेलं पहिलं पान झेरॉक्सच्या दुकानातच राहिलं.

आता, हरयाणात ताई म्हणजे मोठी काकू. आणि चौधरींच्या ब्याऐंशी वर्षांच्या ताई रोज गेटपाशी खाट टाकून ऊन खात बसत. बोर्डावर लिहिलं होतं: 'ताई दिनभर गेट पर पड़ी रहती है। उन्नीस से गहरे संबंध हैं। अब तक एक ही बार काटा है, दूधवाले को। ताई को हटाया तो बाक़ी सब लड़ मरेंगे।'

रविवारी सकाळी चौधरींनी मला गेटवर बोलावलं. भोवती निम्मी सोसायटी!

"मैडमजी, मेरी ताई ने किसे काटा?"

"भाईसाहब, आपकी नहीं! वो ताई तो कुतिया है!"

वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अचूक होतं. त्याबद्दल एवढंच चांगलं बोलता येईल. चौधरींच्या मिशा थरथरल्या. अंशुमन खांबामागे गेला. शेवटी दूधवाल्यानं पायजमा वर करून पोटरी दाखवली, "साहब, ये निशान देखो! दाँत तो कुत्ते के हैं!"

"के लिख्या सै?" खाटेवरून म्हातारीनं विचारलं. कुणीतरी वाचून दाखवलं. ती इतकी हसली की खाट करकरली. "साच्ची बात सै! मन्नै हटाओगे तो इस घर मैं लट्ठ चालैंगे!"

खाट हलली तशी खालून आमची ताई आळस देत बाहेर आली आणि म्हातारीच्या पावलांवर हनुवटी टेकवून पुन्हा झोपली. तीन महिन्यांत ही रेघ मला दिसलीच नव्हती. बाल्कनीतून खाटेखालचं दिसत नाही!

चौधरींनी दोघींकडे पाहिलं, घसा खाकरला.

"लिखो मैडमजी। कुत्ते कहीं नहीं जा रहे। ताई यहीं रहेगी।" जरा थांबून म्हणाले, "दोनों।"