भावजींचं पथ्य

आमच्या पोल्ट्रीचा वास माझा धाकटा दीर लागतो. शेड सासऱ्यांनी बांधलं, त्यातून ते जन्मले, मग नातं दुसरं काय धरायचं? मी त्यांना भावजीच म्हणते. जेवायला पहिल्या पंगतीला असतात आणि गावात कुणाचंही कार्य असो, बोलावण्याची वाट बघत नाहीत. स्वभावाने अगदी गरीब. फक्त जवळ बसले की माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं.

आमच्या वैजूचं लग्न ठरलं, तेव्हा सुपारी फुटायच्या आधी तिच्या होणाऱ्या सासूने, शेवंताबाईंनी, नाकाला पदर लावून एकच अट घातली.

"मानपान नको, काही नको. तेवढे तुमचे दीर मांडवात नकोत."

"अहो, घरचं माणूस आहे ते!" माझा पारा चढला.

"असू दे. मागे मी तुमच्या गावच्या लग्नाला आले होते. सगळे फोटो रडके आले माझे."

भावजी तिथेच बसले होते. म्हणाले, "वहिनी, माझ्यापायी पोरीचं मोडू नका. मी बारीक होतो."

मग जनावरांच्या डॉक्टर गव्हाणे मॅडमना बोलावलं. त्यांनी भावजींना हातही लावला नाही, कोंबड्यांचं खाद्य तपासलं.

"सोयापेंड किती घालता?"

"भरपूर. अंड्यावरच्या बायका आहेत, त्यांना हात आखडता कशाला?"

"इथेच चुकतंय. कोंबडी लागतील तेवढीच प्रथिनं अंगी लावते. जास्तीचा नायट्रोजन विष्ठेतून खाली पडतो. खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं राहिलं की त्याचा अमोनिया होतो, आणि त्यावर तुमचे दीर पोसतात. शेताला मिळायचं खत हवेत उडतं ते वेगळंच. पेंड कमी करा, कमी पडतील ती अमिनो आम्लं वरून द्या आणि ते गळके नळ आधी दुरुस्त करा."

"अंड्यांना धक्का लागणार नाही ना?" भावजींनी विचारलं.

"नाही."

"मग करा."

भावजी वाळत गेले. आधी त्यांचं गावात जाणं सुटलं, मग ओट्यावर येणं. हळदीपर्यंत तर शेडच्या कोपऱ्यात नाक खुपसल्याशिवाय त्यांची भेट होईना. अंडी होती तेवढीच होती. "कसं वाटतंय?" असं विचारलं की म्हणायचे, "हलकं वाटतंय, वहिनी."

लग्न झकास झालं. फोटो हसरे आले. पाठवणीला वैजू माझ्या पाया पडली आणि माझ्या डोळ्यांत टिपूस येईना.

आमच्याकडे मुलीची आई रडल्याशिवाय वरातीची गाडी हलत नाही. मी जावांकडे पाहिलं. त्याही ठणठणीत कोरड्या. पोल्ट्री झाल्यापासून गावातल्या प्रत्येक पाठवणीला भावजी मांडवाच्या दारात उभे असायचे. आमची आपल्या आपण रडायची सवयच मोडली होती. ड्रायव्हरने गाडी बंद केली.

"रडा ना हो, विहीणबाई. लोक बघतायत," शेवंताबाई कुजबुजल्या.

"प्रयत्न करतेय."

वैजूचा चेहरा पडला. "आई, तुला काहीच वाटत नाही का गं?"

वाटत तर खूप होतं. पण ते डोळ्यांपर्यंत पोचेना.

शेवटी शेवंताबाईच म्हणाल्या, "बोलवा तुमच्या दिरांना."

भावजी आले. एवढेसे उरले होते. माझ्या पदरात बसले. मी पदर तोंडावर धरून जोरात श्वास घेतला, तर काही झोंबलंच नाही.

"जमत नाही हो आता, वहिनी," ते ओशाळून म्हणाले.

हे ऐकलं मात्र, मला हुंदका फुटला. वैजू गळ्यात पडली, जावा रडल्या, ड्रायव्हरने गाडी चालू केली.

"पाठराखीण म्हणून यांनाच द्या," शेवंताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "एवढ्याशा माणसाला जागा किती लागणार?" भावजी मागच्या सीटवर वैजूशेजारी बसले. काच वर केली.

त्या संध्याकाळी घराला कसलाच वास नव्हता. पहिल्या पंगतीत दोन पानं रिकामी होती. मी भात कालवला आणि कुणाच्याही मदतीशिवाय रडले.

परवा भावजी परत येतील. पाहुणचारात माणसाची आबाळ होतेच. म्हणून आज खाद्यात दोन मुठी पेंड जास्त घातली आहे. गव्हाणे मॅडमना एवढ्यात कुणी सांगू नका.