बाईंच्या फोटोंना लागलेलं कुलूप

हसाकाकांना कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. स्टुडिओत आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "मला जरा बारीक करा," की ते बारीक करत. कुणी म्हणालं, "मुलाला जरा उंच करा," की मुलगा उंच होई. फोटो काढताना 'हसा, हसा' म्हणायची सवय असल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं आणि खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. कम्प्युटरशीही त्यांचा व्यवहार असाच होता. स्क्रीनवर 'परवानगी द्यायची का?' अशी चौकट आली, की ते लगेच 'हो'वर टिचकी मारत. बिचारा एवढं विचारतोय, तर त्याचं मन कशाला मोडा?

त्या दिवशी सकाळी त्यांना एक ईमेल आला. 'तुमच्या कॅमेऱ्याच्या दुरुस्तीचं बिल सोबत जोडलं आहे.' पाठवणाऱ्याचा पत्ता कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखा होता. पण हसाकाकांचा एक कॅमेरा खरोखरच दुरुस्तीला गेला होता आणि बिल तर येणारच होतं. त्यांनी ते उघडलं. कोरं पान आलं आणि वर चौकट: 'मजकूर दिसण्यासाठी परवानगी द्या.' त्यांनी दिली. तरी काही दिसेना, म्हणून पुन्हा एकदा दिली आणि पुढच्या खोलीत वाट बघत असलेल्या गिऱ्हाइकाचा पासपोर्टचा फोटो काढायला गेले.

परत येऊन बघतात तर प्रत्येक फोटोच्या नावाला भलतंच लांब शेपूट फुटलेलं आणि फोटोच्या जागी पांढरा कागद. तेवढ्यात सगळी स्क्रीन लाल झाली.

'आदरणीय ग्राहक, आपल्या सर्व फाइल्सना आम्ही कुलूप लावले आहे. किल्ली हवी असल्यास पैसे भरावेत. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' खाली एक घड्याळ उलटं पळत होतं आणि त्याखालची रक्कम अशी होती, की ती भरायला दुरुस्तीला गेलेला कॅमेरा आणि न गेलेला कॅमेरा असे दोन्ही विकावे लागले असते.

"अगं, जरा इकडे ये," त्यांनी काउंटरवर बसलेल्या बायकोला हाक मारली.

बायकोने चष्मा चढवून सगळं शांतपणे वाचलं. "खंडणीच मागतायत मेले. पण भाषा बघा किती नम्र. आपल्या टेलिफोनवाल्यांना येते का अशी?"

"भाषेचं काय घेऊन बसलीस? यात बाईंचे फोटो आहेत!"

आता मात्र बायकोही खाली बसली. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. हसाकाका त्यांच्या हाताखाली शिकले होते आणि अजूनही रस्त्यात त्या समोरून आल्या, की शर्टाचं वरचं बटण लावत. बाईंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाल्याचा समारंभ नुकताच झाला होता. त्याचे फोटो हसाकाकांनी काढले होते आणि आज संध्याकाळी बाई यजमानांना घेऊन अल्बम ठरवायला यायच्या होत्या. 'फोटो गेले' हे वाक्य बाईंच्या तोंडावर म्हणायची नुसती कल्पना करूनच हसाकाकांचा हात वरच्या बटणाकडे गेला.

"कॅमेऱ्याच्या कार्डात असतील की," बायको म्हणाली.

"ते पुसून मी त्यावर दोन लग्नं काढली."

"मग माझ्या भावाला बोलावते."

मेहुण्याने एकदा बहिणीकडचा प्रिंटर जोडून दिला होता आणि तेव्हापासून घराण्यात त्याला कम्प्युटरमधलं सगळं कळतं असं ठरलं होतं. तो आला, बाह्या सरसावून बसला आणि म्हणाला, "भाऊजी, बॅकअप आहे ना? मग कशाला घाबरताय?"

बॅकअप होता. बायकोच्या हट्टामुळे सगळ्या फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून घरच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवलेली असे. बायको धावत जाऊन ती घेऊन आली. "आधी बघू तरी, त्यात फोटो धड आहेत का," असं म्हणत मेहुण्याने ती त्याच कम्प्युटरला जोडली.

फोटो धड होते. बाई खुर्चीत ताठ बसलेल्या दिसल्या. हसाकाकांना हायसं वाटलं. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बाईंचा पांढरा कागद झाला. मग यजमानांचा. मग केकचा.

"अरे काढ! काढ ती डिस्क!" हसाकाका ओरडले.

"अशी एकदम ओढायची नसते, भाऊजी. खराब होते." मेहुणा डिस्क सुरक्षितपणे काढण्याचं बटण शोधत राहिला. ते सापडेपर्यंत सगळा समारंभ आटोपला होता.

शेवटी समोरच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या इंजिनीअर मुलीला बोलावलं. तिने आल्या आल्या भिंतीजवळची इंटरनेटची वायर उपटली.

"हे पहिल्यांदा करायचं असतं," ती म्हणाली. "आणि या डिस्कचं काय झालं?"

मेहुण्याला एकदम एक महत्त्वाचं काम आठवलं आणि तो गेला.

"घराला आग लागलेली असताना शेजाऱ्याकडे ठेवलेलं सामान उचलून आत आणलंत तुम्ही."

"पैसे भरून टाकू का?" हसाकाकांनी विचारलं. कुणीतरी मागतंय आणि आपण देत नाही, याचंही त्यांना अवघड वाटत होतं.

"मुळीच नाही. किल्ली मिळेलच याचा भरवसा नाही, आणि तुम्ही देणारे आहात हे कळलं की परत येतील. पोलिसांत तक्रार करा. आधी हे कुलूप कुठल्या जातीचं आहे ते बघते. जुनं असेल तर जाणकारांनी त्याची किल्ली बनवून फुकट ठेवलेली असते. नवीन असेल तर मात्र फोटो विसरायचे. कम्प्युटर कसाही पूर्ण पुसून नव्याने बसवावा लागणार." तिने कुलूप लागलेल्या फाइल्स आपल्याकडे उतरवून घेतल्या आणि स्वतःचा लॅपटॉप उघडून आतल्या खोलीत बसली. हसाकाकांची बायको तिच्या शेजारी जाऊन बसली.

संध्याकाळी बाई आल्या, मागोमाग यजमान. हसाकाकांनी वरचं बटण लावलं.

"काय रे, फोटो झाले का?"

"बाई, कम्प्युटरमध्ये चोर शिरले. फोटोंना कुलूप लागलं. माझीच चूक." हसाकाकांनी मान खाली घातली आणि शाळेतल्या सवयीने छडीसाठी हात पुढे करायचे तेवढे राहिले.

बाई दोन पावलं पुढे आल्या. "सगळे?"

"सगळे."

"वन्सं मध्ये बसल्यात आणि मी कडेला, तो?"

"तोही."

"आणि तो... मी दात काढून हसतेय तो?"

"तोसुद्धा, बाई. मला फार वाईट वाटतंय."

"वाईट कसलं वाटतंय त्यात!" बाईंचा चेहरा उजळला. "समारंभ झाल्यापासून मला झोप नाही. तो हसण्याचा फोटो अल्बममध्ये लागला असता, तर माझ्या विद्यार्थ्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. आपण परत काढू. फक्त आम्ही दोघं. नीट बसून. वन्संना सांगेन, कम्प्युटरला रोग झाला."

इतक्यात पडदा बाजूला सारून बायको धावत बाहेर आली. "अहो, उघडलं! सगळंच्या सगळं उघडलं!"

"काय उघडलं?" बाईंनी विचारलं.

हसाकाकांनी बायकोकडे पाहिलं. मग बाईंकडे. "कपाट," ते म्हणाले. "सकाळपासून अडकलं होतं."

"मग फोटो नाही ना मिळायचे?"

"नाही," हसाकाका म्हणाले. आयुष्यातलं पहिलंच 'नाही' असल्यामुळे ते जरा चिरकं निघालं.

बाई समाधानाने पायऱ्या उतरल्या. यजमान मात्र दारातून वळले. "माझा चष्मा राहिला," असं बाहेर सांगून ते आत आले आणि हळूच म्हणाले, "कपाट नव्हतं ना ते?"

हसाकाकांनी आतल्या पडद्याकडे पाहिलं.

"तिच्या कानात मी काहीतरी बोललो आणि ती हसली, तो तुम्ही बरोबर टिपलात. लग्नाआधी ती तशी हसायची. मग मुख्याध्यापिका झाली." त्यांनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. "यात घालून द्याल?"

"नाही!" हसाकाका दचकून ओरडले. दुसरं 'नाही' बरंच खणखणीत निघालं. "इथे आता काही जोडायचं नाही. कागदावरच देतो." ते आत गेले आणि इंजिनीअरच्या लॅपटॉपवरचा तो फोटो छापून घेऊन आले.

यजमानांनी फोटो हातात धरला. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि बटण लावलं.

"अहो, सापडला का चष्मा?" बाहेरून बाईंचा आवाज आला.

"सापडला, सापडला," नाकावरचा चष्मा सारखा करत यजमान म्हणाले आणि पायऱ्या उतरले.