चार प्रोसेसरांच्या यंत्राचे व खांबेटे-वर्टीकर अबोल्याचे वर्तमान

श्रीगजाननाचे स्मरण करून, जे घडले तितुकेच लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, एका राज्याच्या पाटबंधारे दरबारचे जुने युनिक्सचे यंत्र मोडीत निघाले. त्याची हकिकत ऐसी की, यंत्राच्या पोटी चार प्रोसेसर, आणि चौघांनी पुराचे गणित वाटून करावे ऐसी रचना, परंतु चौघे एकदम चालविताच यंत्र स्तब्ध होई. तीस वर्षांमागे, गणिताचा प्रोग्राम लिहिणाऱ्या सुमतीबाई वर्टीकर बोलिल्या, "यंत्र सदोष." यंत्र सांभाळणारे मधुसूदनपंत खांबेटे बोलिले, "प्रोग्राम सदोष." दरबारे बाईंचे मानिले, आणि यंत्र कोठीत गेले, आणि उभयतांचे बोलणे खुंटले.

आता भंगारात जाते ऐसे कळताच पंतांनी यंत्र सोडवून घरी आणिले, आणि फुगलेले कपॅसिटर काढून नवे डाख देऊन बसविले, आणि अडकलेली डिस्क हलके हलके फिरती केली, आणि पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली तेव्हा पंत खुर्चीवरून उठून उभेच राहिले. डिस्कवर बाईंचा प्रोग्राम तसाच होता. मग चौघे प्रोसेसर चालविले, तों यंत्र पूर्ववत स्तब्ध. पंतांचा चेहरा उतरला. मग मानापमान बाजूस ठेवून बाईंस फोन केला, "यंत्र जिवंत आहे. येऊन पाहता?"

बाई बोलिल्या, "उद्या सकाळीच येते."

आल्या, आणि चष्मा पुसून बसल्या, आणि चहा निवून गेला तरी उठल्या नाहीत. एकाएकी बोलिल्या, "अहो, हे बघा! हा प्रोसेसर वरच्या धरणाचा आकडा अडवून खालच्याची वाट पाहतोय. तो खालचा अडवून वरच्याची. दोघंही सोडत नाहीत!"

मग सर्वांनी आधी वरचा आकडा घ्यावा, मग खालचा, ऐसा क्रम बाईंनी प्रोग्रामात घातला, आणि चौघे एकदम चालले, आणि नदीचा पूर पार मुखापर्यंत मोजून दाखविला.

बाई बोलिल्या, "खांबेटे, यंत्र धड होतं. तुमचं खरं होतं."

 पंत बोलिले, "खरं सांगू? माझीच खात्री उरली नव्हती. म्हणून तर दुरुस्त केलं."

येणेप्रमाणे यंत्र निर्दोष ठरले, वाद मिटला. बाई हल्ली गुरुवारी येतात, आणि पाचवा प्रोसेसर बसतो की काय, हे उभयतां पाहत आहेत. वर्तमान पुरे जाहले.