मानोजीअण्णांची फुली

सर्जापूर रोडवरच्या या सोसायटीत राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या दारावर लाल खडूने काढलेली वीतभर फुली होती. मी नागपूरची. आमच्याकडे कोणी दारावर फुली मारली तर त्यामागे नक्की काहीतरी जुनं वैर असतं. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, आल्या आल्या कोणीतरी डूख धरला." तो म्हणाला, "गॅसवाल्याची खूण असेल." त्याला न कळणारी प्रत्येक गोष्ट गॅसवाल्याची असते.

मी ओलं फडकं घेऊन पुसायला लागले, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. पंच्याहत्तरीचे एक उंच गृहस्थ बाहेर आले. पांढरा शुभ्र शर्ट, खिशात दोन खडू. लाल खडू झिजून बोटाच्या पेराएवढा उरलेला, हिरवा मात्र दुकानातून आणल्यासारखा आख्खा.

"पुसू नका अक्का. माल रिजेक्ट आहे."

"कुठला माल?"

"दार. खालची बिजागरी ओरडते. काल तुम्ही एकोणीस वेळा उघडलं. एकोणीस वेळा ओरडली."

मला बिजागरीपेक्षा त्या 'अक्का'चा जास्त राग आला. मी चौतीस वर्षांची, आणि हे आजोबा मला मोठी बहीण म्हणतात! पुढे कळलं की इथे भाजीवालीपासून मुख्यमंत्र्यापर्यंत कुठल्याही बाईला अक्का म्हणतात. तरी मनातून तो राग काही गेला नाही.

हे मानोजीराव लाड. सगळ्यांचे मानोजीअण्णा. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी घोडदळाबरोबर बेंगळुरूला आलं. "परत जायचा हुकूम अजून आला नाही, म्हणून थांबलोय," असं ते गंभीरपणे सांगतात. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात तपासणी विभागात काढली. यंत्राचा भाग हातात घ्यायचा, टिचकी मारायची, कानाला लावायचा. बद्द वाजला की लाल फुली, खणखणीत वाजला की हिरवी खूण. निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा परदेशात गेला. हातात खडू तेवढे राहिले. मग त्यांनी सोसायटीच तपासायला घेतली.

लिफ्टवर फुली आहे, कारण ती तिसऱ्या मजल्यावर कण्हते. पंप हाऊसवर फुली आहे. माझ्या कुकरवर फुली मारायला ते घरात आले नाहीत एवढंच, पण भिंतीपलीकडून कळवलं, "अक्का, तुमची तिसरी शिट्टी स्वल्प खाली उतरते. रबर बघा."

मी सॉफ्टवेअरची टेस्टर आहे हे कळल्यावर मात्र त्यांनी मला कॉफी पाजली. "म्हणजे इन्स्पेक्शनच! मग असं दार घेऊन कशा राहता?" मला लाज वाटली. मी बिजागरीला तेल घातलं आणि त्यांना बोलावलं. त्यांनी दार उघडलं, मिटलं, कान लावला, मान डोलावली.

"सरी. आता बरंय."

"मग हिरवी खूण करा ना."

"मी कशी करणार? ज्याने फुली मारली त्याने पास करायचं नसतं. दुसरा इन्स्पेक्टर लागतो. नाहीतर कोणीही रागात मारेल आणि लोभात पुसेल."

"मग दुसरा कोण आहे इथे?"

"कोणी नाही," ते म्हणाले आणि कॉफी प्यायला निघून गेले.

म्हणून फुली राहिली. मी दोनदा पुसली, त्यांनी दोनदा पुन्हा काढली, अगदी तशीच; उजवीकडचा खालचा पाय शेवटी गळासारखा वर वळलेला. दिवाळीत पाहुण्यांनी विचारलं तर मी सांगितलं, गॅसवाल्याची खूण आहे.

गणपतीत तर कहर झाला. सोसायटीतली आम्ही पुण्या-मुंबई-नागपूरची मंडळी मिळून गणपती बसवतो. आरती म्हटली की ती पुढे पुढे पळत जाणार, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. अण्णांनी हात वर केला. "थांबा! झांज पळतेय." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पळाली. पुन्हा थांबवली. चौथ्या वेळी मोदक गार झाले आणि अध्यक्ष गरम. शेवटी झांजेवर फुली पडली आणि आरती टाळ्यांवर पार पडली.

आणखी एक तऱ्हा सांगायची राहिली. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर पिठाची गिरणी आहे. पण अण्णा दर महिन्याला दोन किलो नाचणी, म्हणजे त्यांची रागी, पिशवीत घालून दोन बस बदलून के. आर. पुरमला दळायला जातात. जायला दोन तास, यायला दोन तास. का, तर "इथल्या गिरणीचा आवाज बरोबर नाही." मला त्यातली अर्धा किलो मिळायची. पीठ अगदी चारचौघांसारखं होतं.

तर अशा माणसाच्या शेजारी आठ महिने काढल्यावर एके दिवशी ऑफिसात विवेक काळा टी-शर्ट घालून आला. विवेक माझ्या टीममधला, जुन्या तबकड्या जमवणारा. टी-शर्टवर मोठी लाल फुली. उजवीकडचा खालचा पाय गळासारखा वर वळलेला.

"हे काय आहे?" मी जवळजवळ ओरडलेच.

"सिल्व्हर जॅकफ्रूट! पन्नास वर्षांपूर्वी इथे बेंगळुरूत झालेला सायकेडेलिक रॉकचा अल्बम. दोनशे प्रती निघाल्या, बाजारात एकही आली नाही. रद्दीतून दोन-तीन कुठेतरी बाहेर गेल्या आणि आता परदेशातले लोक वेडे झालेत. एक कंपनी तो पुन्हा काढणार आहे, पण वाजवणारे सापडत नाहीत. सह्या कोणाच्या घेणार?"

"आणि ही फुली?"

विवेकचा आवाज देवळात गेल्यासारखा झाला. "प्रत्येक कव्हरवर हाताने रंगवलेली आहे. अस्तित्वालाच दिलेला नकार. तिच्यावर मोठा लेख आहे."

मी संध्याकाळी बूट न काढता शेजारची बेल वाजवली. "अण्णा, तो चंदेरी फणस तुमचा का?"

अण्णांच्या हातात कॉफीचा पेला होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला. "तो माल रिजेक्ट आहे."

मी त्यांना टी-शर्टचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "रिजेक्टची खूण छातीवर घालून फिरतात? विकत घेऊन? अय्यो."

मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. चौघं जण होते. दोघं आता नाहीत. अण्णा गिटार वाजवायचे आणि आवाज भेसूर करणारी एक पेटी त्यांनी जुन्या रेडिओच्या भंगारातून स्वतः बनवली होती. ड्रमवर नागराज, एका मृदंग विद्वानांचा मुलगा, वडिलांपासून चोरून वाजवणारा. जाहिराती ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका स्टुडिओने त्यांना एकच दुपार दिली. दुसऱ्या बाजूवर सतरा मिनिटांचं एकच गाणं. इंग्रजी. अर्थ चौघांपैकी कोणालाच माहीत नव्हता.

"सहाव्या मिनिटाला नागराज पळाला," अण्णा म्हणाले. "लय पुढे नेली. तबकड्या घरी आल्या, मी ऐकलं. तेव्हा नुकताच इन्स्पेक्शनला लागलो होतो. म्हटलं, हा माल बाहेर जाणार नाही. तो म्हणाला, जाऊ दे की. मी एका रविवारी बसलो आणि दोनशे कव्हरांवर कारखान्याच्या रंगाने फुली मारली. सोमवारी त्याने बघितली. ड्रम तिथेच टाकून गेला."

मृदंग विद्वानांच्या मुलाला लय चुकली म्हणायचं, आणि तेही दोनशे वेळा! मला अण्णांचा भयंकर राग आला. मीही माल नापास करते, पण पुराव्यानिशी.

"पुरावा काय?"

"कान."

"कान चालणार नाही अण्णा. आमच्यात मोजून दाखवावं लागतं."

विवेकने गाणं पाठवलं. गाण्यातली वाद्यं सुटी करून प्रत्येक ठोका पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर आता मिळतं. मी शनिवारी बसून मोजलं. पुन्हा मोजलं. मग लॅपटॉप घेऊन अण्णांकडे गेले.

"अण्णा, ड्रम पाच मिनिटं पन्नास सेकंद भिंतीसारखा उभा आहे. इथे बघा, आधी गिटार पळाली. चार ठोके ती एकटीच पुढे आहे. मग ड्रमने वेग वाढवला आणि तिला गाठलं. पुढची अकरा मिनिटं दोघं बरोबर आहेत."

मला वाटलं, आता माझ्या लॅपटॉपवर फुली पडणार. अण्णा पडद्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "निवृत्त झालो तेव्हा तबकडी निवांत ऐकली. पहिल्याच वेळी कळलं. मी पळालो. तो सुम्ने, नुसता आपल्या लयीत, उभा राहिला असता तर मी सगळ्यांसमोर उघडा पडलो असतो. म्हणून मला सांभाळायला तो मागून आला. स्वतःची लय मोडून आला. साथ करणाऱ्यांच्या घरातला ना. आणि मी त्यालाच फुली मारली."

"मग इतकी वर्षं त्यांना सांगितलं का नाही?"

"कुठल्या तोंडाने? आपली फुली आपल्याला पुसता येत नाही अक्का. त्याने पास करायला पाहिजे. आणि तो राहतो के. आर. पुरमला."

"के. आर. पुरमला कुठे?"

अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "गिरणीच्या वर. दुसरा मजला. मुलांना मृदंग शिकवतो. गिरणी बंद झाली की खाली ऐकू येतं."

मला एकदम घरातल्या डब्यातलं ते पीठ आठवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गाडी काढली. विवेककडून आलेला कंपनीच्या कराराचा कागद घेतला, लॅपटॉप घेतला. अण्णांनी नाचणीची पिशवी घेतली. मी म्हटलं, "आज कशाला?" तर म्हणाले, "असू दे. तो घरी नसला तर दळून येईन." वाटभर माझ्या गाडीचा ब्रेक करकरत होता, पण त्यालासुद्धा त्यांनी रिजेक्ट म्हटलं नाही.

गिरणीच्या जिन्यावर, दुसऱ्या मजल्याच्या दाराशी, ते थांबले. खिशातून लाल खडू काढला आणि मला काही कळायच्या आत त्या पांढऱ्या शुभ्र शर्टावर, छातीवर, मोठी फुली मारली. मग बेल वाजवली.

दार उघडलं ते एका बुटक्या, टकल्या माणसाने. बनियन, लुंगी, आणि चौकटीवर टेकलेल्या हाताची बोटं सतत काहीतरी वाजवणारी. ती बोटं थांबली. त्यांनी फुलीकडे पाहिलं, मग अण्णांकडे. पुढचं सगळं कन्नडमध्ये झालं; मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

"मी पळालो होतो," अण्णा म्हणाले. "तू नाही."

"दर महिन्याला खाली येऊन रागी दळून जातोस," नागराजअण्णा म्हणाले. "मी खिडकीतून बघतो. वर यायला सव्वीस पायऱ्या आहेत."

"तू तरी कुठे खाली आलास?"

"फुली मी मारली होती का?"

पंच्याहत्तरीचे अण्णा शाळेत वर्गाबाहेर उभे केल्यासारखे दिसत होते, आणि मला वाटलं, नागराजअण्णांनी आता दार लावलं तर हा जिना उतरायला अण्णांना मला धरावं लागेल.

नागराजअण्णांनी दार लावलं नाही. हात पुढे करून त्यांनी अण्णांच्या खिशातला तो आख्खा हिरवा खडू काढून घेतला. अण्णांनी छाती पुढे केली.

"तपासल्याशिवाय पास करू?" नागराजअण्णा म्हणाले. "आत ये. आधी ऐकव."

मी लॅपटॉप टीपॉयवर ठेवून गाणं लावलं. दोघं समोरासमोर बसले. ती भेसूर गिटार, ते कोणालाच न कळलेलं इंग्रजी, आणि टीपॉयवर नागराजअण्णांची बोटं. सहावं मिनिट आलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले. गिटार पळाली, आणि चार ठोक्यांनी टीपॉयवरची बोटंही तिच्यामागे धावली. अण्णांच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं. मीही रडले, उगाच लपवत नाही. गाणं पूर्ण सतरा मिनिटं ऐकल्यावर नागराजअण्णा उठले आणि त्यांनी अण्णांच्या छातीवर फुलीच्या शेजारी हिरवी खूण केली. "शर्ट चांगला होता रे," ते म्हणाले आणि कॉफी करायला आत गेले.

करारावर सह्या झाल्या. परत निघताना नाचणी तशीच तिथे राहिली.

आता महिन्यातून एका रविवारी नागराजअण्णा इकडे जेवायला येतात. पहिल्यांदा आले तेव्हा अण्णांनी त्यांना थेट माझ्या दारापाशी उभं केलं. "आठ महिने पडून आहे. बघून घे." नागराजअण्णांनी दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तोवर तेल सुकलं होतं. बिजागरी चांगली कुरकुरली. मला ऐकू आली, तर त्या दोघांना न येऊन कसं चालेल! पण नागराजअण्णा "सरी, सरी" म्हणाले आणि त्यांनी फुलीच्या बाजूला हिरवी खूण ओढली. मी मानोजीअण्णांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "जेवायला चल, गार होतंय."