मर्टी टाल्टीची चाल

कपडे धुऊन झाले की डिम्फ्ना मरिननचं नवं मशीन एक छोटीशी चाल वाजवायचं. जुनं मशीन काम संपलं की नुसतं थांबायचं. या नव्याला काम संपल्याचा आनंद चारचौघांत साजरा करायची हौस होती. ते तिच्या नवऱ्यानं, मॉसीनं, सेलमधून आणलं होतं. स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्याच्याशेजारी स्टूल टाकून डिम्फ्ना काँसर्टिनाचा, म्हणजे दोन हातांत धरायच्या छोट्या भात्याच्या पेटीचा, रियाज करायची, कारण कपडे धुवायच्या जागी मॉसी कधी फिरकत नसे.

दर मंगळवारी रीटाच्या पबमध्ये गावातले वादक जमत. तिथे खुर्च्यांचे दोन प्रकार होते. शेकोटीजवळच्या खुर्च्या ज्यांच्या घरात पिढीजात नाचाच्या चाली होत्या त्यांच्या, आणि संडासाच्या दाराजवळच्या पुस्तकातून शिकलेल्यांच्या. हा नियम कुणी केलेला नव्हता, त्यामुळे तो बदलायचा कुणाला सांगून, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. डिम्फ्ना कित्येक वर्षं दारापाशी होती. वाजवायची छान, पण ऐन रंगात कुणीतरी "जरा सरकता का बाई, घाईची आहे" म्हणायचं आणि तिला भाता मिटून गुडघे आत घ्यावे लागायचे. मरायच्या आधी एकदा शेकोटीजवळ बसायचं, एवढीच तिची इच्छा होती.

एका मंगळवारी दोन जिगांच्या, म्हणजे नाचाच्या चालींच्या, मध्ये सगळे ग्लासांकडे वळले असताना डिम्फ्नाची बोटं आपली आपणच मशीनची ती चाल वाजवू लागली. म्हाताऱ्या थेडीनं डोळे उघडले. थेडी डोळे मिटून व्हायोलिन वाजवायचा. मागे एकदा कुणाच्या तरी कोटाला शेकोटीची ठिणगी लागली, तेव्हासुद्धा त्यानं एकच डोळा उघडला होता.

"पोरी, हे कुठून आणलंस?"

पोरीची साठी जवळ आली होती. खरं उत्तर तिच्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात संडासाचं दार उघडलं आणि दाणकन तिच्या पाठीत बसलं.

"आजोबांकडून," ती म्हणाली.

"मर्टी टाल्टीकडून?"

"हो."

मर्टी टाल्टी डुकरांचा व्यापारी. त्याला साधी शिट्टी वाजवतानाही कुणी ऐकलं नव्हतं.

"कधी कुणापुढे वाजवलं नाही बघ," थेडी हलक्या आवाजात म्हणाला. "काय ती नम्रता!"

"मी ऐकलंय," बासरीवाला कॉन म्हणाला. कॉनला कुठल्याही गोष्टीला आपण हजर नव्हतो हे सहनच होत नसे. "बाजाराच्या आदल्या दिवशी डुकरांना वाजवून दाखवायचा. शांत व्हायची बिचारी."

थेडीच्या शेजारची खुर्ची रिकामी करण्यात आली.

पुढचं सगळं रीतसर झालं. चालीला दुसरा भाग नव्हता. तो थेडीला "लहानपणी ऐकलेला" आठवला. कॉनला तो थेडीच्याही आधी आठवला होता. महिन्याभरात गावातली नाचणारी मंडळी त्यावर थिरकू लागली. सगळ्यांनी मिळून मर्टीच्या थडग्यावर नवा दगड बसवला, त्यावर काँसर्टिना कोरली. खाली एक डुक्करही हवं होतं, पण पाद्रीबाबा नको म्हणाले.

"मॉसी, मला खरं सांगून टाकायला हवं," डिम्फ्ना म्हणाली.

"कशाला? आजोबा तक्रार करायला येणारेत?"

"अरे, पण मी धडधडीत खोटं बोलले."

"खुर्ची ऊबदार आहे ना?"

"आहे."

"मग बस की गप."

ती बसली. आणि डब्लिनहून रेडिओवाला आला. त्याला चाल मर्टीच्याच घरात, म्हणजे आता डिम्फ्ना राहायची तिथेच, ध्वनिमुद्रित करायची होती. डिम्फ्नानं पब सुचवला, चर्चचा हॉल सुचवला, गोठाही सुचवला. तो ऐकेना. शेवटी तिनं मॉसीला बजावलं, "आज मशीनला हात लावलास तर बघ."

मॉसीनं लावलाही नसता. पण हॅमचं सँडविच हातात घेऊन कॉन मर्टीची एक आठवण हातवाऱ्यांसकट सांगायला गेला आणि सँडविचमधलं बीट रेडिओवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर उडालं. मॉसी पाहुण्यांच्या बाबतीत फार हळवा. त्यानं शर्ट उतरवून घेतला, पाहुण्याला आपला स्वेटर चढवला आणि मागच्या खोलीत गेला. डिम्फ्ना तेव्हा बाहेरच्या खोलीत नाचणाऱ्यांसाठी टेबल सरकवत होती.

वाजवणं फक्कड झालं. काँसर्टिना, व्हायोलिन, बासरी, फरशीवर आठ जणांचे बूट. शेवटचा सूर विरला. रेडिओवाल्यानं सगळ्यांना स्तब्ध राहायची खूण केली.

त्या शांततेत मागच्या खोलीतून मर्टी टाल्टीची चाल आली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सूर न चुकता.

डिम्फ्ना उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "ही चाल आजोबांची नाही. मशीनची आहे. मी खोटं बोलले."

"श्श!" थेडी डोळे मिटूनच म्हणाला. "परत लावा."

परत लावायचं म्हणजे परत कपडे धुवायचे. सगळे चहा घेत थांबले. शर्ट दुसऱ्यांदा धुऊन निघाला. थेडीनं चाल ऐकली.

"कुठलं मशीन हे?"

"कोरियाचं," मॉसी म्हणाला.

"मर्टीचा भाऊ बोटीवर होता."

"कोरियालाच गेला होता!" कॉन म्हणाला. "मीच बंदरावर पोचवायला—"

"कॉन, तू जन्मला नव्हतास," मॉसी म्हणाला.

"घरचं कुणीतरी गेलंच असेल की."

"अहो थेडी, मी खोटं बोलले!" डिम्फ्ना रडवेली झाली.

"नम्रता," थेडी म्हणाला. "अगदी आजोबांवर गेलीस. पण एक सांगू का पोरी? मशीन तुझ्यापेक्षा बरं वाजवतं. जुनं वळण आहे. उगाच नक्षीकाम नाही."

पुढच्या मंगळवारी मॉसीला घरी सोडून डिम्फ्ना एकटीच पबमध्ये गेली. आपण होऊन दारापाशी बसायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण पब रिकामा होता. शेकोटी छान पेटली होती आणि सगळ्या खुर्च्या मोकळ्या होत्या.

"बाकीचे कुठे गेले?"

"तुमच्याकडेच की," ग्लास पुसत रीटा म्हणाली. "थेडी म्हणाला, चाल मुळातून शिकावी. सगळे वाद्यं घेऊन गेलेत. आणि मळके कपडे."

डिम्फ्ना शेकोटीजवळ बसली. काँसर्टिना काढून तिनं एक जिग वाजवली. कुणी सरका म्हणालं नाही. कुणी वाहवाही म्हणालं नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"डिम्फ्ना, ये लवकर," मॉसी ओरडत होता. मागे मशीन गरगरत होतं. "लोकरीच्या बटणावर म्हणे वेगळी चाल आहे. कॉन म्हणतोय, ती त्याच्या आजोबांची."

"आलेच. मला तिथे जागा धर."

"मशीनजवळ नाही गं आता," मॉसी म्हणाला. "तिथे थेडी बसलाय. तुझं स्टूल संडासाच्या दाराशी ठेवलंय."